काच वर केली, पण बटण कुठे आहे?

नोव्हेंबर सरत आला की पुण्यातल्या कचेऱ्यांमध्ये एक सल्ला फिरू लागतो आणि तो संक्रांतीपर्यंत काही थांबत नाही. "थंडीत धूर फार असतो बाबा. दुचाकी ठेव घरी, गाडी काढ. काचा लावल्या की कसलं आलंय प्रदूषण!" हे सांगणारे शेजारी असतात, सासूबाई असतात, आणि नवी गाडी घेतलेला सहकारी तर असतोच असतो. दुचाकीवाल्याने धूर खायचा आणि चारचाकीवाल्याने शुद्ध हवेत बसून गाणी ऐकायची, अशी ही वाटणी. ती अर्धी खरी आहे, आणि पूर्ण खोट्यापेक्षा अर्धं खरं खोडायला जास्त दमछाक होते.

आधी थंडीत हवा बिघडते कशी ते पाहू. रात्री आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, आणि वर मात्र उबदार थर राहतो. भांड्यावर झाकण बसावं तसा हा थर बसतो. मग सायलेन्सरचा धूर, बांधकामाची धूळ, रखवालदारांच्या शेकोट्या आणि सोसायटीच्या कोपऱ्यात पेटवलेला पालापाचोळा हे सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर अडकून पडतं. ऊन चांगलं तापेपर्यंत, म्हणजे साधारण नऊ-दहापर्यंत, सुटका नसते. नेमक्या त्याच वेळात सगळं पुणे हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्याच्या दिशेने निघालेलं असतं.

मोबाइलवर दिसणारा हवेचा आकडा हा रस्त्यावरचा आकडा नव्हे. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांसाठी आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची शिफारस १५ वर आणली. मोजणी केंद्रं मात्र बहुधा चौकाच्या मधोमध नसतात. दिल्लीत रिक्षांमध्ये उपकरणं ठेवून केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिक्षातल्या सूक्ष्म कणांचं प्रमाण शहराच्या सर्वसाधारण हवेच्या सुमारे दीडपट निघालं, आणि काजळीचं तर तिपटीहून जास्त. दुचाकीस्वार याच हवेत असतो, हे मान्यच.

पण चारचाकी कोणत्या हवेत असते? "काचा बंद" म्हणणाऱ्यांना मी नेहमी एकच प्रश्न विचारतो: मग आत हवा येते कुठून? येते ती समोरच्या काचेच्या तळाशी, वायपरच्या खाली असलेल्या जाळीतून. कोंडीत त्या जाळीपासून दोन हातांवर पुढच्या टेम्पोचा सायलेन्सर असतो. बाहेरची हवा आत घेण्याचं बटण चालू असेल, तर काच वर असो की खाली, टेम्पोचा धूर तुमच्या मांडीवर येणारच.

डॅशबोर्डवर एक बटण असतं. त्यावर गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात वळलेला बाण. ते दाबलं की बाहेरची हवा जवळजवळ बंद होते आणि आतलीच हवा फिरत राहते. गाडीचा फायदा आहे तो मुख्यतः या बाणाचा. सरे विद्यापीठाच्या प्रशांत कुमार यांच्या गटाने जगातल्या दहा शहरांत गाड्यांच्या आत मोजणी केली, त्यात चेन्नईही होतं. काचा उघड्या असताना हवा सर्वांत वाईट आणि आतली हवा फिरवत असताना सर्वांत बरी, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे काचा लावून, एसी चालू ठेवून, बाण दाबून बसलेल्या माणसाच्या वाट्याला कण कमी येतात, यात वाद नाही.

आता आपल्याकडे थंडीत काय होतं ते आठवा. "थंडीत एसी कशाला?" म्हणून एसी बंद. थोड्या वेळाने आत कोंदट होतं, समोरच्या काचेवर वाफ धरते, मग चालक फडक्याने काच पुसतो आणि शेवटी खिडकी चार बोटं खाली घेतो. आता तो दुचाकीवाल्याचीच हवा घेतोय, फक्त गादीवर बसून. ज्या ऋतूत हवा सर्वांत वाईट, त्याच ऋतूत आपण गाडीचा एकमेव बचाव स्वतःच्या हाताने बंद करतो, आणि वर इतरांना गाडी काढायचा सल्ला देतो!

बाणालाही मर्यादा आहेत. साधा एसी फिल्टर धूळ आणि कण अडवतो; कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू त्यातून सरळ पार होतात. सक्रिय कोळशाचा फिल्टर काही वायू शोषतो, पण कार्बन मोनॉक्साइडपुढे त्याचंही काही चालत नाही. काही स्वस्त मॉडेलमध्ये तर फिल्टरच नसतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी डाव्या बाजूच्या कप्प्यामागचा तो फिल्टर एकदा काढून पाहावा. माझ्या ओळखीत तरी काळाकुट्ट निघाला नाही असा एकही नाही. शिवाय बाण दाबून चौघे बसले की प्रत्येकाचा उच्छ्वास आतच साठतो, कार्बन डायऑक्साइड चढतो आणि जांभया सुरू होतात. त्यामुळे कोंडीत, बोगद्यात, ट्रकच्या मागे बाण दाबायचा आणि मोकळा रस्ता लागला की थोडा वेळ सोडायचा. कात्रजचा बोगदा ओलांडणाऱ्याला एवढं जमायला हरकत नाही.

उरला वेळेचा हिशेब. शरीरात किती धूर जातो हे हवेतल्या प्रमाणाइतकंच त्या हवेत काढलेल्या वेळावरही ठरतं. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात पुणे संथ वाहतुकीत जगात चौथं आलं: दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. हा मोटारीचा वेळ आहे. दुचाकी फटीतून पुढे सरकते आणि लवकर सुटते, त्यामुळे मिनिटामागे जास्त धूर खाणाऱ्या स्वाराची एकूण फेरीतली पिछाडी बरीच कमी होते. ती पार पुसली जाते असं मी म्हणणार नाही. पण धुराच्या भीतीने प्रत्येकाने एकट्यापुरती गाडी काढली, तर रांग लांबते, सगळ्यांचा वेळ वाढतो, बसमध्ये लटकलेल्यांचाही. ज्या धुरापासून पळायचं, त्यातच भर घालून आपण पळतोय.

आता बाकीच्या समजुती, थोडक्यात.

गैरसमज : स्कार्फ घट्ट बांधला की धूर अडतो.
वस्तुस्थिती : ऊन, धूळ आणि ओळखीचे लोक अडतात. सूक्ष्म कण कापडाच्या विणीतून आणि कडेच्या फटींतून आरामात जातात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी नेपाळमध्ये वापरले जाणारे कापडी मास्क तपासले, तेव्हा बारीक कणांपुढे त्यांचा उपयोग किरकोळच निघाला. धूर अडवायचा असेल तर नाकावर नीट बसणारा एन-९५ लागतो, आणि तो स्कार्फच्या आत.

गैरसमज : दुचाकीवर गार वारा लागून सर्दी होते.
वस्तुस्थिती : सर्दी विषाणूने होते, आणि तो शिंकणाऱ्या सहकाऱ्यासोबत बंद गाडीत जास्त सहज भेटतो. वाऱ्याचा धोका वेगळा आहे. १० अंशांत ताशी ४० किलोमीटरने जाताना उघड्या त्वचेला सुमारे ६ अंशांसारखं जाणवतं, बोटं बधिर होतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. छातीवर वर्तमानपत्र खुशाल ठेवा, पण आधी हातमोजे घाला.

गैरसमज : सकाळी गाडी दहा मिनिटं चालू ठेवून गरम करावी.
वस्तुस्थिती : ही कार्ब्युरेटर आणि चोकच्या काळातली शिकवण. बीएस-६ च्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना अर्धा मिनिट पुष्कळ झाला. मग थोडं अंतर सावकाश चालवा, इंजिन लवकर तापतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवणारा मात्र सोसायटीला कार्बन मोनॉक्साइड वाटतो.

गैरसमज : थंडीत एसी लावला तर काच आणखी धुकटते.
वस्तुस्थिती : एसी हवेतला ओलावा काढतो. तापमानाची कळ लाल बाजूला फिरवा, एसी चालू ठेवा, हवा समोरच्या काचेवर सोडा. काच स्वच्छ होते.

गैरसमज : थंडीत टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, पकड येते.
वस्तुस्थिती : तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब आपोआप सुमारे एक पीएसआयने घटतो. कंपनीने सांगितलेला दाब टायर थंड असताना भरा.

गैरसमज : कानटोपीवर हेल्मेट बसत नाही, थंडीपुरतं चालतं.
वस्तुस्थिती : २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले मृत ५०,०२९, आणि हे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आहेत. कानटोपी हेल्मेटखाली बसत नसेल तर पातळ बालाक्लाव्हा मिळतो. धुरावर तासभर चर्चा करून हेल्मेट आरशाला अडकवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

मग काय काढावं, दुचाकी की गाडी? दमा असेल, बरोबर लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल, तर गाडी. बाण दाबून, फिल्टर बदलून, आणि शक्यतो तीन-चार जण मिळून. एकट्या धडधाकट माणसाने केवळ धुराच्या भीतीने गाडी काढण्याचं कारण नाही. एन-९५ लावावा आणि निघावं. दोघांनाही लागू पडणारा, एक रुपयाही न लागणारा उपाय एकच: डिसेंबर-जानेवारीत सकाळी तासभर उशिरा निघणं, झाकण उघडल्यावर. तेवढी मुभा मात्र गाडी विकणारा देऊ शकत नाही, ती कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून मागावी लागते. पुढच्या वेळी कोणी गाडी घ्यायचा सल्ला दिला, तर त्यालाही सोबत घेऊन जा.