पथ्य की उपासमार?

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या आईच्या गालाच्या आतील जखम बरी होईना म्हणून तपासणी केली, तेव्हा ती कर्करोगाची निघाली. आई लग्नाआधीपासून मिश्री लावीत असे. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ही पूड आमच्या भागातील बायका दात घासण्याच्या निमित्ताने वापरतात आणि पुढे तिची सवय जडते. मिश्रीवर निराळा लेख होईल. येथे मला फक्त आहाराविषयी लिहावयाचे आहे. औषधोपचार डॉक्टरांच्या हाती होते; ताट मात्र माझ्या हाती होते, आणि तेथे माझी चूक झाली.

शस्त्रक्रियेसाठी मुंबईस गेलो, तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. तेथे गावोगावची कुटुंबे होती आणि प्रत्येकाजवळ पथ्याची एक यादी होती. कोणी म्हणे दूध वर्ज्य, कोणी म्हणे अंडे उष्ण, कोणी म्हणे डाळीने जखम चिघळते. घरी परतल्यावर पाहुण्यांनी त्यात भर घातली. शेवटची भर माझी. कर्कपेशी साखरेवर जगतात, असे मी मोबाईलवर वाचले आणि आईची साखर बंद केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आज्जी म्हणाली, "पोरगी शिकलीया, ती सांगती तसं करा." आईने तीन आठवडे बिनसाखरेचा चहा मुकाट्याने घेतला. बहुतेक वेळा अर्धा कप तसाच राही.

नंतर जिल्ह्याच्या गावी किरणोपचार सुरू झाले. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे, एकूण तीस वेळा. शिवाय आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. शस्त्रक्रियेपूर्वी आईचे वजन ४८ किलो होते. चौथ्या आठवड्यात ते ४२ वर आले. किरण देताना डोके हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकचा साचा बसवितात. तो सैल पडू लागला. साचा सैल झाला तर किरण नेमक्या जागी पडण्याची खात्री राहत नाही. आणि अशक्तपणामुळे मध्येच खंड पडला, तर डोके व मानेच्या कर्करोगात उपचाराचा गुण कमी होतो. डॉक्टरांनी आम्हांस आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठविले.

बाईंनी विचारले, "काय खातात?" मी आमचे पथ्य पाठ केल्यासारखे म्हणून दाखविले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला साखरेचे प्रकरण समजावून दिले. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञास १९२० च्या दशकात असे आढळले होते, की कर्कपेशी फार मोठ्या प्रमाणावर साखर वापरतात. हे खरे आहे. परंतु शरीरातील इतर पेशींनाही साखर लागतेच. आपण खाल्ले नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती तयार करते. म्हणजे उपाशी राहतो तो रोगी. रोग उपाशी राहत नाही. (मधुमेह असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी डॉक्टरांनाच विचारावे.) एस.टी.त परतताना मी आईशी बोलू शकले नाही.

उपचारांत तोंड का येते, हेही त्या दिवशी कळले. ही औषधे आणि किरण झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्कपेशी तशा असतात. पण तोंडाचे व आतड्याचे अस्तरही तसेच सतत नवे होत असते. म्हणून तोंड सोलून निघते, मळमळते. लाळेच्या ग्रंथींवर किरण पडले, की तोंड कोरडे होते व चव जाते. आई म्हणे, "सगळं मातीवानी लागतंय." तो तिचा हट्ट नव्हता.

अशा रुग्णास दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. आईसाठी हा आकडा निदान ५० ग्रॅमचा निघाला. इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला: दोन अंडी १२, अर्धा लीटर दूध १६, मूठभर मूगडाळ १२, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट ५, उरलेले भात, नाचणी यांतून. यातील एकही वस्तू विकत आणण्यास अवघड नव्हती. आम्ही ज्या वर्ज्य केल्या होत्या, त्याच बहुतेक या!

तिखट, आंबट आणि कडक पदार्थ मात्र खरोखरच टाळावे लागले. जखमेला ते झोंबतात. मऊ खिचडीत तूप, दुधात शिजविलेली नाचणी, अगदी बारीक कूट घालून पातळ केलेला शिरा, नीट उकडून दुधात कुस्करलेले अंडे, असे सारे थोडे थोडे दिवसातून सात-आठ वेळा. गरम अन्नाचा वास सुटतो आणि मळमळ वाढते, म्हणून निववून देत असू. स्टीलच्या चमच्याने तोंडात लोखंडी चव येते अशी तिची तक्रार होती. लाकडी चमचा आणला तेव्हा ती थांबली. खाण्याआधी व नंतर कोमट पाण्यात किंचित मीठ आणि खाण्याचा सोडा घालून गुळण्या. याच काळात पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून पाणी उकळलेले, अन्न ताजे. गाड्यावरचे, कापून ठेवलेली फळे, कच्ची मोडाची कडधान्ये बंद. गावठी औषधाचे काढेही आम्ही डॉक्टरांस विचारल्यावाचून दिले नाहीत. यावरून मामांशी भांडण झाले, ते अजून पुरते मिटलेले नाही.

पाचव्या आठवड्यात पाणीही गिळवेना, तेव्हा नाकातून नळी घातली. शेजारणी दारात उभ्या राहून डोळे पुसू लागल्या, कारण नळी म्हणजे शेवट असा आमच्याकडे समज आहे. वास्तविक ती केवळ अन्नाची वाट. गाळलेले दूध, डाळीचे वरण, नाचणीची पेज नळीतून जाई. देताना रुग्णाला बसते ठेवायचे आणि नंतर पाणी सोडून नळी धुवायची. महिन्याने नळी निघाली.

उपचार संपले तरी जेवण लगेच सुरळीत होत नाही, हे आम्हांस कोणी आधी सांगितले नव्हते. चव हळूहळू परतते. लाळ कधीकधी पूर्ववत होतच नाही. आईजवळ सदैव पाण्याची बाटली असते. मिश्रीचा डबा तिने स्वतः उकिरड्यावर टाकला. वजन ४५ झाले आहे. तोंड पुरते उघडत नाही, म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून त्या दातांत धरण्याचा व्यायाम रोज करावा लागतो. दिवाळीत अकरा काड्या जात होत्या, आता चौदा जातात. भाकरी अजून दुधात कुस्करूनच खाते. चहात साखर दोन चमचे, आणि ती घालताना माझ्याकडे बघून हसते.