अधिक मृत्यूंचा हिशेब

महाराष्ट्रांत कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास आढळले. पुढील दोन वर्षांत ज्या घरांतलें माणूस गेलें त्या घरास आंकडे सांगण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु तें माणूस कोणत्या आंकड्यांत धरलें गेलें, किंबहुना धरलें गेलें कीं नाहीं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रथम लक्षणांविषयीं. ज्वर, कोरडा खोकला, अंगदुखी हीं तर सर्वांच्या परिचयाचीं. विशेष होतें तें गंध व चव यांचें अकस्मात् जाणें. आमच्या वैद्यकांत 'अरुचि' सांगितली आहे, तिच्याहून हें निराळें. अरुचींत अन्न नकोसें होतें, येथें फोडणींतला हिंगही नाकास कळेनासा होई. २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आल्यावर हें लक्षण पुष्कळ विरळ झालें, घसा दुखणें व नाक वाहणें पुढें आलें, आणि साधें पडसें कोणतें व कोविड कोणता हें चांचणीवांचून सांगणें कठीण झालें. वृद्धांस तर कित्येकदां ताप नसतांही अन्नावरची वासना उडते, बोलण्यांत घोटाळा होतो, तोल जातो. आणि घरांतील मंडळी "वय झालें" म्हणून सोडून देतात! सर्वांत फसवी गोष्ट ही कीं, रक्तांतील प्राणवायु उतरला असतांही कांहीं रोग्यांस धाप लागत नाहीं. ऑक्सिमीटरचा आंकडा ९४ च्या खालीं गेला, तर रोगी हंसत बोलत असला तरी डॉक्टरांस बोलावणें अवश्य.

लक्षणें अशीं बहुरूपी, चांचणी सर्वत्र मिळत नव्हती, आणि आपल्या देशांत नोंदलेल्या मृत्यूंपैकीं पाव हिश्शाहूनही कमी मृत्यूंचें कारण डॉक्टरांनीं प्रमाणित केलेलें असतें. अशा स्थितींत "कोविडनें किती गेले" यापेक्षां "नेहमींपेक्षां किती अधिक गेले" असें विचारणें बरें. लंडनमध्यें १८४७ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळीं विल्यम फार यानें हीच युक्ति योजिली होती. (पटावरून गैरहजर मुलें मोजणाऱ्या शिक्षकास ती समजावून सांगावी लागत नाहीं.)

देशांत २०१९ सालीं ७६.४ लाख मृत्यु नोंदले गेले, २०२० सालीं ८१.२ लाख, आणि २०२१ सालीं एकदम १०२.२ लाख. म्हणजे एका वर्षांत २१ लाखांची वाढ. त्या वर्षीं कोविडचे म्हणून अधिकृतपणें मोजलेले मृत्यु मात्र सुमारें ३.३ लाख! हें सर्व अंतर कोविडच्याच पदरीं घालणें योग्य नव्हे. नोंदणी वर्षानुवर्षें सुधारत आहे, आणि रुग्णालयांत जागा न मिळाल्यानें अन्य विकारांनीं गेलेलेही त्यांत आहेत. तरी ही लाट केवळ नोंदणी सुधारल्यानें उठली म्हणावें, तर २०२२ सालीं ती ८६.५ लाखांवर ओसरली कशी? जागतिक आरोग्य संघटनेनें २०२०-२१ या दोन वर्षांकरितां भारतांतील अधिक मृत्यु सुमारें ४७ लाख ठरविले. भारत सरकारनें ती रीत मान्य केली नाहीं. अनुमानाविषयींचा वाद चालावयाचाच. नोंदवही मात्र सरकारचीच आहे.

ती भरते घराघरांतून गेलेल्या खबरेनें. १९६९ च्या कायद्यान्वयें ही खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. आपण दाखला घेतों, बँकेंत देतों. कारणाची विचारपूस कोणी करीत नाहीं. कोविडनें गेलेल्यांच्या वारसांस ५०,००० रुपये देण्याचें २०२१ सालीं ठरलें, तेव्हां मृत्यूचें कारण कागदोपत्रीं असणें म्हणजे काय, हें पुष्कळ कुटुंबांस प्रथमच कळलें. ऑक्टोबर २०२३ पासून रुग्णालयानें कारणाचें प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवून त्याची प्रत जवळच्या आप्तास देणें आवश्यक आहे. ती मागून घ्यावी, आणि नांव, वय व कारण तेथल्या तेथें वाचून पाहावें.