नर्मदा ३० किलोमीटरवर, पाणी मात्र उत्तरेला

महूजवळच्या जानापाव डोंगराची उंची ८५४ मीटर. चंबळ इथे उगम पावते. नर्मदा तिथून दक्षिणेला, सरळ रेषेत जेमतेम ३० किलोमीटरवर. तरी चंबळ पाठ फिरवते आणि सुमारे ९६० किलोमीटर उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते. आपली कृष्णा ६४ किलोमीटरवरचा अरबी समुद्र सोडून १,४०० किलोमीटर पूर्वेला जाते, तसंच.

माळव्याचं बेसाल्टी पठार उत्तरेकडे हळूहळू उतरतं आणि दक्षिणेला विंध्याच्या कड्यावर एकदम तुटतं. मुंबई-आग्रा रस्त्याने मानपूर सोडलं की हा तुटलेपणा घाटात जाणवतो. खाली गुजरी, मग धामनोद, पुढे खलघाटला नर्मदेचा पूल. कड्यावरचं बहुतेक पाणी चंबळेचं आणि उताराखालचं नर्मदेचं.

म्हणून धामनोदकडच्या नद्या आखूड, पण धावत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये कारम नदीवरच्या, ३०४ कोटींच्या प्रकल्पातल्या मातीच्या नव्या धरणाला गळती लागली. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली १८ गावं रिकामी केली. पोकलेनने बाजूला चर खणून पाणी मोकळं करावं लागलं. जीवितहानी झाली नाही. पण अशा उतारावर पाणी अडवताना कामात कसूर खपत नाही, एवढं त्या चार दिवसांत कळलं.

पठारावर उलटी तऱ्हा. १९९० साली देवासला रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०१४ पासून नर्मदेचं पाणी सुमारे ३५० मीटर वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडतात. योजनेची क्षमता सेकंदाला ५,००० लिटर. घर्षण, पंपांची घट काहीच धरली नाही, तरी हजार लिटर एवढ्या उंचीवर न्यायला जवळपास एक युनिट वीज लागते. हे पाणी पुढे क्षिप्रेतून चंबळेकडे, म्हणजे पुन्हा उत्तरेलाच वाहतं.

मला याहून मोलाचं वाटतं ते देवासच्या शेतकऱ्यांचं काम. २००६ पासून त्यांनी स्वतःच्या जमिनीचा तुकडा मोडून हजारो शेततळी खोदली. पावसाचं पाणी तिथल्या तिथे थांबतं, पंप लागतो तो फक्त शिवारापुरता. या तळ्यांना नर्मदेचंच नाव दिलंय: रेवासागर.