सोंग आणि खरे

रानातली घाई सरली, की आपल्या वऱ्हाडातली खेडी रात्री जागत. कुठे दंडार, कुठे भारूड, कुठे देवीचा गोंधळ. मेहकर म्हणा, चिखली म्हणा, खामगाव म्हणा, बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना त्या रात्री अजून आठवतात. पारापाशी दिवा लागे. लोक घोंगडी अंथरून बसत. दिवसा वखर हाकणारा गडी रात्री लुगडे नेसून राणी होई. सगळ्यांना ठाऊक असे, की हा आपल्याच गल्लीतला आहे. तरी राणीचे लेकरू हरवले, की बाया पदराने डोळे पुसत.

सोंग खोटे, मग रडू खरे कसे?

विचार करून पाहा. दुसऱ्याचे दुःख आपण रोज पाहतो. पण कामाच्या घाईत तसेच पुढे जातो. नाटक आपल्याला थांबवते. घटकाभर आपण दुसऱ्याच्या जागी उभे राहतो. सासूला सुनेचे मन कळते, सावकाराला कुळाचे. नाटकाचे हे पहिले काम.

दुसरे काम आरशाचे. एखाद्याला तोंडावर म्हणा, "तू दारू पितोस, बायकोला मारतोस." तो भांडायला उठेल. पण तीच गोष्ट सोंगात दाखवा. कुणाचे नाव नाही, गाव नाही. तो गुपचूप खाली मान घालून बसेल. शेजारची म्हातारी हळूच म्हणेल, "हे तं आपलंच घर हाये वं माय!" उपदेश टोचतो, तेव्हा माणूस कान बंद करतो. नाटकात तो स्वतःच स्वतःला पाहतो.

आपल्या संतांना हे चांगले ठाऊक होते. पैठणचे एकनाथमहाराज सोळाव्या शतकात होऊन गेले. त्यांनी गोंधळी, जोशी, वासुदेव अशी लोकांच्या ओळखीची सोंगे घेऊन भारुडे रचली. विंचवाच्या भारुडात विंचू चावतो, माणूस तडफडतो, लोक हसतात. पण तो विंचू म्हणजे आपल्याच मनातले काम आणि क्रोध. हसता हसता ही गोष्ट मनात उतरते.

नाटकाचा ठसा किती खोल उमटतो पाहा. महात्मा गांधी लहानपणी राजकोटला राहत. तिथे त्यांनी राजा हरिश्चंद्राचे नाटक पाहिले. खऱ्यासाठी राजाने राज्य सोडले, बायको-मुलाचा वियोग सोसला. ते नाटक त्या मुलाच्या मनातून जाईना. सगळ्यांनीच हरिश्चंद्रासारखे का होऊ नये, असे त्याला वाटू लागले. ही हकीकत गांधीजींनी आपल्या आत्मकथेत सांगितली आहे.

नाटकाला राज्यकर्तेही भितात. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक रंगभूमीवर आले. गोष्ट महाभारतातली. पण लोकांनी कीचकात इंग्रज व्हाइसरॉय कर्झन ओळखला, आणि द्रौपदीत आपला देश. इंग्रज सरकारजवळ फौज होती, तोफा होत्या. तरी १९१० साली सरकारने या नाटकावर बंदी घातली.

आता एक नाटक आपण साक्षरता वर्गातल्या लोकांनी मुद्दाम ओळखून घ्यावे असे आहे. त्याचे नाव 'तृतीय रत्न'. ते महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिले. तेव्हा त्यांचे वय २८ वर्षांचे होते.

गोष्ट साधी आहे. एका कुणब्याची बायको गरोदर असते. एक जोशी दारात येतो. तो ग्रहांची भीती घालतो. नवरा-बायको घाबरतात. ऐपत नसताना खर्च करतात. जोशाचे फावते, घर मात्र नागवले जाते. नाटकात एक विदूषक आहे. तो मधूनमधून बोलतो आणि फसवणूक उघडी करून दाखवतो. शेवटी दोघांचे डोळे उघडतात. मग ती दोघे काय करतात? जोशाला मारायला धावतात का? नाही. ती ठरवतात, की आपण शिकायचे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेत जायचे.

म्हणजे हे नाटक आपलेच झाले! मोठ्या वयात पाटी हाती धरणाऱ्या नवरा-बायकोचे.

जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून निघाले १९७९ साली, म्हणजे १२४ वर्षांनी. पण विचार थांबला नाही. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. पुढे त्या समाजाचे जलसे गावोगाव फिरले. ढंग तमाशाचा, पण विषय शिक्षणाचा, कर्जाचा, भोळेपणाचा. त्यानंतर आंबेडकरी जलसे निघाले. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत या जलशांनी नवा विचार नेला. आपला जिल्हाही यात मागे नव्हता. १९२७ साली पंढरीनाथ पाटील यांनी लिहिलेले जोतीरावांचे चरित्र आपल्या चिखलीहूनच प्रसिद्ध झाले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विळ्याने गवत कापते आणि बोटही कापते. नाटकाचेही तसेच आहे. तोतरा, लंगडा, गरीब, विधवा यांची टिंगल करून लोकांना हसवणे फार सोपे असते. अशा हसण्याने दुबळा आणखी दुबळा होतो. जोतीरावांचा विदूषक फसवणाऱ्याचे पितळ उघडे पाडतो. नाटक पाहताना आपण विचारावे, "आपण कुणाला हसतो आहोत?"

आता घरोघरी टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे. खेळ पुष्कळ पाहायला मिळतात. पण पडद्यावरच्या माणसाला आपले गाव ठाऊक नाही. आपल्या गावचा हुंडा, आपल्या गावचे कर्ज, आपल्या गावची दारू आपणच दाखवली पाहिजे. आणि एकट्याने मोबाईल पाहणे वेगळे, साऱ्या गावाने एका जागी बसून पाहणे वेगळे. खेळ संपल्यावर घरी जाता जाता लोक बोलू लागतात. बदलाची सुरुवात त्या बोलण्यातून होते.

याला मोठा खर्च नको. देवळापुढची जागा, एक दिवा, एक ढोलकी आणि पाच-सहा माणसे पुरेत. पूर्वी पुष्कळांना आपले बोलणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पाठ करावे लागे. तुम्हाला आता वाचता येते. आपले बोलणे तुम्ही कागदावरून वाचाल. उद्या स्वतः लिहालही.

विचार करा आणि वर्गात बोला

१. उपदेशापेक्षा सोंग मनाला जास्त का लागते?
२. 'तृतीय रत्न' नाटकातले नवरा-बायको शेवटी काय ठरवतात? तुम्ही वर्गात यायचे कशामुळे ठरवलेत?
३. तुमच्या गावची कोणती गोष्ट नाटकात दाखवावी? तिच्यातली चार वाक्ये वहीत लिहा.