तळ दिसतोय का? स्विमिंग पूल, टीसीएल आणि मामाची दोन किलोची चूक

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी उजळणी आणि ज्यांना वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. आकडे नीट लिहिलेत, हवं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मालवणात स्कुबाला गेलेल्या प्रत्येकाला एक शब्द पाठ असतो, तो म्हणजे व्हिजिबिलिटी. ‘आज पाणी किती क्लिअर आहे?’ हा बोटीवरचा पहिला प्रश्न. समुद्राची व्हिजिबिलिटी आपल्या हातात नसते, पण स्विमिंग पूलची असते. आणि तिथे ती फोटोसाठी लागत नाही, जीव वाचवायला लागते. हे मला कसं कळलं, तेच आज सांगतो.

माझ्या मामाचं मालवणजवळ छोटंसं होमस्टे आहे. मागच्या मे महिन्यात ऐन सीझनला त्याचा फोन आला, “अरे, पूलाचा पाणी हिरवां झालां. उद्या पाव्हणे येतले. आता काय करूचां?” मी काही सांगायच्या आत मामाने उपाय करूनही टाकला होता. विहिरीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, दोन किलो, थेट पूलमध्ये. पातळी कमी होती म्हणून वरून बोअरचं पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा पाणी ताकासारखं पांढरं होतं, त्यात गंजाची किंचित लाली. पाहुण्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा त्यात उतरला होता. त्याने बुडी मारली आणि दिसेनासा झाला. खोली फक्त सव्वा मीटर. पाच-सहा सेकंदांत तो हसत वर आला, पण तेवढ्या वेळात काठावरच्या आम्हा चौघांनाही तो कुठे आहे हे सांगता आलं नसतं. मामाने त्याच क्षणी सगळ्यांना बाहेर काढलं आणि पूल बंद केला.

मग चूक कुठे झाली? एकेक बघू.

पहिली गोष्ट पीएचची. क्लोरीन पाण्यात गेलं की त्याची दोन रूपं होतात. एक जंतू आणि शेवाळ झपाट्याने मारतं, दुसरं फार कमी काम करतं. कुठलं रूप किती, हे पीएच ठरवतो. पीएच ७.५ असेल तर साधारण निम्मं क्लोरीन कामाचं असतं. ८ झाला की जेमतेम पाव, ८.५ ला दहावा हिस्सासुद्धा नाही. टीसीएलमध्ये चुना असतो, तो पीएच वर चढवतो आणि पाणी गढूळही करतो. म्हणजे मामाने एका हाताने औषध टाकलं आणि दुसऱ्या हाताने त्याचा जोर काढून घेतला.

दुसरी गोष्ट पावडरीची. ताज्या टीसीएलमध्ये उपयोगी क्लोरीन साधारण ३३ टक्के असतं. कोकणातल्या दमट हवेत उघडं पोतं पडून राहिलं की ते उडून जातं. मामाचं पोतं मागच्या वर्षीचं होतं! जे थोडं क्लोरीन उरलं होतं, ते शेवाळाने खाऊन टाकलं.

तिसरी गोष्ट बोअरची. जांभ्याच्या भागातल्या पाण्यात बऱ्याचदा लोह विरघळलेलं असतं. बोअरमधून येताना ते दिसत नाही, क्लोरीन लागलं की त्याचा गंज होतो आणि पाणी तांबूस दिसतं.

असं फक्त गावात होतं असं समजू नका. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये डायव्हिंगचा पूल सगळ्या जगासमोर हिरवा झाला होता. तिथे चुकून हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं गेलं, त्याने क्लोरीन निकामी केलं आणि शेवाळाला रान मोकळं मिळालं. रसायनाला ऑलिम्पिक आणि होमस्टे यातला फरक कळत नाही.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. आधी मोजलं. ग्रामपंचायतीत नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात, ती पिवळा रंग दाखवते. पण ती सगळं क्लोरीन एकत्र मोजते. पूलला फ्री क्लोरीन, म्हणजे अजून कामाला शिल्लक असलेलं क्लोरीन, वेगळं कळायला हवं. त्यासाठी डीपीडी किट आणलं. त्यात गुलाबी रंग येतो आणि पीएचही मोजता येतो. लक्षात ठेवायचे आकडे असे: पीएच ७.२ ते ७.६, फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम. अल्कलिनिटी म्हणजे पीएचला जागेवर धरून ठेवणारा नांगर. ती कमी पडली की खायचा सोडा टाकतात.

मग हिशोब. पूल ८ बाय ४ मीटर, खोली सव्वा मीटर, म्हणजे ४० हजार लिटर. १ पीपीएम म्हणजे हजार लिटरला १ ग्रॅम. २ पीपीएमसाठी ८० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ताजी टीसीएल साधारण २४० ग्रॅम. हा रोजचा डोस. शेवाळ झालं असेल तर कितीतरी जास्त लागतं आणि आकडा खाली येईपर्यंत कोणी उतरायचं नाही.

आधी पंप चालू ठेवून थोडं थोडं ॲसिड देऊन पीएच ७.४ वर आणला. भिंती ब्रशने घासल्या. टीसीएल बादलीत कालवून चुना खाली बसू दिला आणि वरची निवळीच पूलमध्ये ओतली, तीही सूर्य मावळल्यावर, कारण उन्हात क्लोरीन लवकर उडतं. फिल्टर रात्रंदिवस चालवला, मध्ये मध्ये उलटा धुतला. शेवटी तुरटी फिरवली, पंप रात्रभर बंद ठेवला आणि सकाळी तळाचा गाळ ओढून थेट बाहेर काढला. तुरटीने पीएच उतरतो, म्हणून पुन्हा मोजलं. तीन दिवस गेले, एक बुकिंगही गेलं.

तीन गोष्टी मात्र कधी विसरू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, एकाच बादलीत, एकामागोमाग सुद्धा नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रसायन पाण्यात टाका, रसायनावर पाणी ओतू नका. आणि पूलचा उग्र वास आला तर ‘क्लोरीन जास्त झालंय’ असं समजू नका. घाम आणि लघवीत अडकून वापरलं गेलेल्या क्लोरीनचा तो वास असतो. डोळेही बहुतेक वेळा त्यानेच चुरचुरतात. म्हणून उतरण्याआधी अंघोळ करा.

उलट, काचेसारखं दिसणारं पाणीही बिनधास्त नसतं. क्लोरीन शून्य असलं तरी ते एखाद-दोन दिवस सुंदर दिसतं. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

तुम्ही पाहुणे म्हणून कुठेही गेलात तरी एक तपासणी फुकटात करता येते. काठावर उभे राहा आणि सर्वात खोल भागातली तळाची जाळी स्पष्ट दिसते का बघा. दिसत नसेल तर कोणी उतरायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

मामाने आता पंपाच्या खोलीत वही टांगलीय. रोज सकाळ-संध्याकाळ पीएच आणि क्लोरीन लिहितो, मोठा पाऊस पडून गेला की पुन्हा मोजतो. परवा मी विचारलं, “मामा, पाणी कसं आहे?” तर म्हणाला, “वही बघ आदी, मगे पाणी बघ.”

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर पोहा, पण आधी तळ बघा!