पोहता न येणाऱ्यांचं पाणी

पोहता न येणारा माणूस वॉटर पार्कात शिरला की आधी मान वर करून बघतो. पाच-पाच मजल्यांच्या उंचीवरून वळसे घेत खाली येणाऱ्या पिवळ्या-निळ्या घसरगुंड्या आणि त्यांतून येणाऱ्या किंकाळ्या. ‘आपलं काम नाही हे’ असं म्हणून तो निर्धास्तपणे लाटांच्या तलावाकडे, म्हणजे वेव्ह पूलकडे, वळतो. तिथे लहान मुलं बागडत असतात, बायका काठाशी पाण्यात बसून गप्पा मारत असतात आणि पाणी किनाऱ्यासारखं हळूहळू खोल होत जातं. तिथे काम करणाऱ्यांचा हिशोब मात्र उलटा असतो. घसरगुंडीची त्यांना फारशी धास्ती नसते. सगळ्यात मुरलेले जीवरक्षक ते वेव्ह पूलच्या खुर्च्यांवर बसवतात.

मला पोहता येत नाही. माझ्या वयाच्या, शहरात वाढलेल्या बहुतेक बायकांना येत नाही. गावाकडच्या मुलांना विहिरीत ढकलून शिकवलं गेलं, त्यांच्या बहिणी विहिरीच्या काठावर धुणं धूत बसल्या आणि शहरात तर विहिरीही राहिल्या नाहीत. गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड आलं, १९९८ साली त्याला लागून वॉटर किंगडम आलं, आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहण्याची हौस माझ्यासारख्या पुष्कळ जणींनी पहिल्यांदा भागवली ती अशा ठिकाणी. पुढे असे पार्क ठाण्यापासून नागपूरपर्यंत झाले. खोपोलीच्या बाजूच्या एका पार्कात भाचरांबरोबर गेले तेव्हा त्यांना रांगेत सोडलं, तिथल्या सुपरवायझरची परवानगी घेतली आणि वेव्ह पूलच्या उंच खुर्चीच्या पायथ्याशी बसकण मारली. ज्यांच्या भरवशावर आपण पाण्यात उतरतो ती माणसं नेमकं काय करतात, ते मला बघायचं होतं.

पण त्याआधी कपड्यांचं प्रकरण. आत शिरताना काउंटरवर ठरलेला वाद चालू असतो. “कॉटन चालणार नाही, नायलॉनच पाहिजे.” मग भाड्याचे कपडे, त्यांची अनामत रक्कम, मापाचा नसलेला टी-शर्ट आणि “हे सगळे पैसे उकळायचे धंदे” हे पालुपद. धंदा थोडा आहेच. पण नियमाला कारण आहे. सुती कापडातून तंतू सुटतात, रंग उतरतो आणि दोन्ही जाऊन बसतात फिल्टरच्या वाळूत. भिजलेली ओढणी घसरताना पायात गुरफटते, घसरगुंडीच्या सांध्यात अडकू शकते. मंगळसूत्रं, साखळ्याही म्हणूनच काढायला लावतात. आत जाण्याआधी शॉवरखाली उभं करतात तेही उगाच नाही. डोक्याला चोपडलेलं तेल, घाम, अंगाला लावलेलं क्रीम असं शेकडो माणसांचं एकत्र पाण्यात गेलं की पाणी गढुळतं, आणि गढूळ पाण्यात तळ दिसत नाही.

तळ दिसणं ही या धंद्यातली पहिली अट आहे. तलावाचा तळ फिकट निळा किंवा पांढरा रंगवतात तो दिसायला छान म्हणून असं मी समजत होते. पण तो फिकट असला तरच त्यावर पडलेलं माणूस वरून गडद दिसतं. तळ दिसेनासा झाला तर लोकांना बाहेर काढून पूल बंद करावा लागतो.

पंपघरातल्या मामांनी आणखी एक समज खोडून काढली. नाकाला झोंबणारा क्लोरीनचा वास आला की आपण म्हणतो, चला, पाणी स्वच्छ आहे. तो वास साध्या क्लोरीनचा फारसा नसतोच. क्लोरीन घामाशी, लघवीशी मिसळून जी संयुगं तयार होतात त्यांचा तो वास. “वास जास्त म्हणजे पब्लिकने घाण जास्त केली,” मामा म्हणाले आणि नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून त्याचा गुलाबी रंग पट्टीवरच्या रंगांशी ताडून बघायला लागले. हे काम ते दिवसातून अनेकदा करतात. कोणी त्यांचा फोटो काढत नाही.

घसरगुंड्यांबद्दल थोडक्यात. वरच्या टोकाला बसलेला मुलगा एकच गोष्ट बघत असतो, खालच्या माणसाचा हात. खालची जागा रिकामी झाल्याची खूण आली की वरचा पुढच्याला सोडतो. “झोपा, हात छातीवर, पाय एकावर एक, मान उचलू नका,” हे तो इतक्या वेळा म्हणतो की शेवटी शब्द एकमेकांत विरघळून जातात. खरी गंमत खाली आहे. घसरून येणारा माणूस जेमतेम तीन फूट पाण्यात येऊन पडतो, आणि पोहता येत नसेल तर तिथेच हातपाय झाडायला लागतो. पाठीवर आडवा पडल्यामुळे त्याला जमीन सापडत नाही. खाली उभ्या असलेल्या मुलीचं निम्मं काम म्हणजे ओरडणं: “उभे राहा! काका, उभे राहा, पाणी कमरेएवढंच आहे!” काका उभे राहतात, इकडे-तिकडे बघतात आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू लागतात. पाठीवर पडलेल्याने उभं कसं राहायचं तेही तिने मला दाखवलं. आधी गुडघे पोटाशी घ्यायचे, डोकं पुढे आणायचं, मग पाय खाली सोडायचे. पाय आधी खाली दाबायला गेलं तर पाठच वर उचलली जाते आणि तोंडात पाणी जातं. मी कमरेएवढ्या पाण्यात तिच्यादेखत करून पाहिलं. जमतं.

आता वेव्ह पूल.

खोल टोकाच्या भिंतीमागे बंद कप्पे असतात. मोठे पंखे त्यांत हवा कोंबतात, हवेच्या दाबाने आतलं पाणी भिंतीखालच्या फटीतून तलावात ढकललं जातं, झडप उघडली की हवा सुटते आणि पाणी परत आत येतं. हे ठरावीक तालात चाललं की लाटा उठतात. कल्पना जुनी आहे. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉयलमध्ये १९१२ पासून यंत्राच्या लाटांचा तलाव आहे. लाटा सतत नसतात. भोंगा वाजतो, काही मिनिटं लाटा, मग तेवढीच किंवा त्याहून जास्त विश्रांती. भोंगा वाजला की अख्ख्या पार्कातली गर्दी घसरगुंड्यांच्या रांगा सोडून इकडे धावते, आणि खुर्चीवर बसलेली सगळी मुलं उठून उभी राहतात.

माझ्या डोक्यावरच्या खुर्चीत पंचविशीचा एक मुलगा होता. पिवळा टी-शर्ट, लाल चड्डी, गळ्यात शिट्टी, मांडीवर आडवी धरलेली लाल फोमची लांब नळी आणि तिचा पट्टा खांद्यावर. कर्जतच्या पलीकडच्या गावचा, पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला. तो माझ्याकडे बघत नव्हता. बोलतानाही नाही. त्याची मान डावीकडून उजवीकडे जायची, मग परत, मधेच खाली. आधी पाण्याचा पृष्ठभाग, मग तळ, मग पुन्हा पृष्ठभाग. रेन डान्सचा ढणढणाट इतका की कोणी हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली नसती.

“हाका येतच नाहीत काकू,” तो म्हणाला. “जो ओरडतोय त्याच्या तोंडात पाणी नाही. त्याला श्वास घेता येतोय. मी गप्प माणूस शोधत असतो.”

न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी १९७०च्या सुमारास बुडणाऱ्यांचं प्रत्यक्ष चित्रीकरण करून हेच दाखवलं होतं. सिनेमात बुडणारा हात हलवून ‘वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात त्याचे हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, तोंड क्षणभर वर येतं, श्वास घेण्यापुरतंच, आणि पुन्हा खाली जातं. हाक मारायला हवा उरत नाही, हात उंचावणं त्याच्या ताब्यात नसतं. पिया यांच्या निरीक्षणात माणूस असा २० ते ६० सेकंद टिकतो. शेजारी उभ्या असलेल्याला वाटतं, उड्या मारतोय, मजा करतोय. अमेरिकेतल्या पार्कांत जेफ एलिस यांच्या संस्थेने रुजवलेला नियम १० आणि २० चा आहे: १० सेकंदांत ओळखायचं, पुढच्या २० सेकंदांत त्याच्यापर्यंत पोहोचायचं. पियांच्या आकड्यांशेजारी तो ठेवला की त्यातली घाई कळते.

आणि माझ्यासारखी माणसं नेमकी कुठे सापडतात? खुर्चीवरच्या मुलाने बोटाने दाखवलं. खोल टोकाला दोरी असते, तिकडे जायला आम्ही घाबरतो. काठाशी कंटाळा येतो. आम्ही मधे जाऊन उभे राहतो, छातीएवढ्या पाण्यात. पाय टेकतायत ना, झालं तर. पण छातीएवढ्या पाण्यात तळव्यांवर शरीराच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांशच भार उरतो. त्यातच लाट येते. चढावर पाणी डोक्याइतकं होतं, पाय सुटतात. उतरताना काठावर गेलेलं पाणी मागे फिरतं आणि त्या सुटलेल्या पायांना खोल बाजूला ओढून नेतं. एका लाटेने वीतभर, दुसरीने आणखी थोडं. खाली बघून अंदाज घ्यावा तर तोही फसवा. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून पाहिलं तर ४ फुटांवरचा तळ ३ फुटांवर भासतो.

लाटा चालू असताना मी त्याच्या सांगण्यावरून लाइफ जॅकेट घालून गुडघाभर पाण्यात उतरले. गुडघाभरच, पण मागे फिरणारं पाणी पोटऱ्यांना असं खेचत होतं की मला बोटं रोवून उभं राहावं लागलं. भोवताली बायकांचा एक मोठा घोळका हातात हात घालून प्रत्येक लाटेला आरोळी ठोकत होता. त्यांचा आनंद सच्चा होता, त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. अचानक लांब शिट्टी झाली, लाटा थांबल्या. लाटा तोडायचं बटण खुर्चीजवळच असतं. कोणीतरी मुलगा ट्यूबमधून उलटला होता आणि तोपर्यंत पलीकडच्या खुर्चीवरची मुलगी त्याच्याजवळ पोहोचलीही होती. लाल नळी त्याच्या काखेखाली, दोन हिसक्यांत काठावर. मुलगा खोकला, रडला, आईकडे गेला. आसपासच्या लोकांपैकी बहुतेकांना काय झालं ते कळलंच नाही. त्यांची तक्रार वेगळी होती: “लाटा का बंद केल्या?”

पाळी बदलताना ही मुलं एक पद्धत पाळतात. दुसरा मुलगा आला तरी पहिला लगेच उतरत नाही. येणारा आधी उभ्याने सगळा तलाव डोळ्यांखालून घालतो, तळ बघतो, ‘घेतलं’ म्हणतो. मगच पहिल्याची नजर पाण्यावरून सुटते. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कोणाला एका जागी ठेवत नाहीत. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने रडारवर नजर ठेवणाऱ्यांसाठी केलेल्या प्रयोगांत, १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, हे दिसलं होतं की नीरस पहाऱ्यावर बसलेल्या माणसाची लक्ष ठेवण्याची ताकद पहिल्या अर्ध्या तासातच घसरते. इच्छा कितीही असो. उन्हात, पाण्याच्या चकाकीत, दिवसभरात हजारो डोकी मोजणाऱ्याची तर आणखी घसरत असणार.

सुट्टीत कर्जतकडच्या त्या मुलाशी समोरासमोर बोलता आलं. त्याचा चुलतभाऊ गोव्यात समुद्रावर जीवरक्षक आहे. तिकडच्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी मरीन या कंपनीची माणसं हे काम करतात. “समुद्रावर लोक निदान घाबरून असतात,” तो म्हणाला. “इथे तिकीट काढलं म्हणजे बुडणार नाही असं वाटतं त्यांना.” सगळ्यात जास्त त्रास कशाचा, विचारलं. मला वाटलं दारू पिऊन येणाऱ्यांचा म्हणेल. “मोबाइलचा,” तो म्हणाला. “आईबाप पाठ करून रील बनवत असतात. आणि वर येऊन मलाच सांगतात, दादा, आमचा एक फोटो काढा ना.” मी बसले होते तेवढ्या वेळात प्लास्टिकच्या पिशवीतला फोन त्याच्यापुढे अनेकदा आला. तो न बघता मान हलवत होता, आणि लोक “काय माज आहे” म्हणत निघून जात होते.

माझी या पार्कांवर एक तक्रार आहे. मी पाहिलेल्या ठिकाणी जॅकेटांची खोली कपड्यांच्या काउंटरपासून लांब कोपऱ्यात होती, मोठ्या मापाची जॅकेटं मोजकीच आणि बकलं तुटलेली. ‘पोहता येतं का?’ हा प्रश्न तिकीट देताना कोणी विचारत नाही. नायलॉनसाठी जेवढा आग्रह धरतात त्याच्या निम्मा जॅकेटसाठी धरला तरी पुष्कळ होईल.

तरीही पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात खेळायचंच असेल तर पावसाळ्यातल्या ओढ्या-धबधब्यांपेक्षा मी या विकतच्या पाण्याच्या बाजूने आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण बघता बघता वाहून गेले. तिथे खोली लिहिलेली नसते, खुर्ची नसते आणि पाणी थांबवायचं बटण नसतं.

तेव्हा जा, खुशाल जा. जॅकेट घाला, वय कितीही असलं तरी. बकलं लावल्यावर कोणाला तरी खांद्याशी धरून ते वर ओढून बघायला सांगा, कानापर्यंत आलं तर लहान मापाचं घ्या. हवा भरलेल्या ट्यूब आणि दंडातले फुगे खेळणी आहेत, त्यांच्यावर मूल सोडू नका. वेव्ह पूलमध्ये भोंगा वाजला की गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका आणि मूल हाताच्या अंतरावर ठेवा. आणि फोटो हवा असेल तर बाहेर बसलेल्या आजोबांना सांगा. खुर्चीवरच्या मुलाला सांगू नका.