‘गौण’ संयुजेची कैफियत

जटिल संयुगांतील संयुजेचे ‘प्रधान’ आणि ‘गौण’ असे दोन प्रकार आपण वर्गावर्गांतून इतक्या सवयीने सांगत आलो आहोत की, त्यांतील दुसऱ्या विशेषणाने केलेला अन्याय कोणाच्या ध्यानीही येत नाही. आल्फ्रेड वेर्नरच्या जर्मन संज्ञेतील ‘नेबेन’ या उपपदाचा शब्दशः अर्थ ‘शेजारी’ असा आहे. म्हणूनच मी आयुष्यभर ‘पार्श्वसंयुजा’ असे शिकवीत आलो आणि त्यापायी वडीलधाऱ्या परीक्षकांचा रोषही पत्करला.

वेर्नरपूर्वी ब्लोमस्ट्रांडने १८६९ मध्ये अमोनियाच्या रेणूंच्या साखळ्या कल्पिल्या होत्या व कोपनहेगनच्या योर्गेनसेनने त्यांची पाठराखण केली, एवढे येथे पुरे. १८९३ मध्ये, सव्विशीतल्या वेर्नरने ती साखळी तोडली. कोबाल्ट क्लोराइडच्या सहा अमोनियांच्या पिवळ्या क्षारात सिल्व्हर नायट्रेट घालताच तिन्ही क्लोराइड पांढऱ्या कवडीदार साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. पाच अमोनियांच्या जांभळट क्षारातून थंड द्रावणात दोनच, आणि चारांच्या हिरव्या क्षारातून एकच. उरलेला प्रत्येक क्लोराइड धातूला थेट बिलगलेला असतो. प्रधान संयुजेचे देणे तो फेडतोच, शिवाय पार्श्वसंयुजेच्या सहा जागांपैकी एक अडवितो, म्हणजे एकाच आयनाची नोंद दोन्ही खात्यांत पडते. मिओलातीच्या साहाय्याने केलेल्या विद्युत्‌वाहकतेच्या मापनांनी याच हिशेबाला पुष्टी दिली.

पण पार्श्वसंयुजेचे खरे ऐश्वर्य तिच्या दिशांत आहे. प्रधान संयुजेला दिशा नाही. हिला मात्र अष्टफलकाचे सहा कोपरे नेमून दिलेले आहेत, आणि म्हणून चार अमोनियांच्या क्षाराची दोनच रूपे संभवतात: क्लोराइड समोरासमोर असले तर हिरवे, शेजारी असले तर जांभळे. निव्वळ अमोनियाचे ते जांभळे रूप १९०७ मध्ये वेर्नरच्या हाती आले, तेव्हा योर्गेनसेनने आपला विरोध आवरता घेतला. ज्याच्या निर्दोष क्षारांवर वेर्नरची इमारत उभी राहिली, त्या प्रतिपक्षाविषयी मला नितांत आदर आहे.

१९११ मधील प्रकाशसक्रिय रूपांचे पृथक्करण, १९१३ चे नोबेल, सिजविकची इलेक्ट्रॉन-युग्मे, पॉलिंगचे संकरण, हे सारे सर्वज्ञात आहे. इलेक्ट्रॉनांच्या जमान्यात संयुजेचे हे दोन प्रकार मोडीत काढावेत, असा आग्रह धरणाऱ्या विद्वानांना माझे एकच विचारणे आहे: कोबाल्टचा ऑक्सिडीकरणांक तीन आणि सहसंबद्धतांक सहा असे जे आपण लिहिता, ते त्याच दोन संयुजांचे नवे नामकरण नव्हे काय?

हल्लीचे विद्यार्थी हे दोन्ही अंक अचूक सांगतात; परंतु साका पाहिलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. आमच्या वेळी जांभळट क्षाराचा साका गाळणकागदावर राखून, खालचे निवळ द्रावण उकळावयास लावीत. काही वेळाने धातूला बिलगलेला तो तिसरा क्लोराइड सुटू लागे आणि नितळ नळीत पुन्हा पांढरी गढूळता उतरत असे. तो क्षार एका दिवसात सिद्ध होतो आणि एक लहान बाटली साऱ्या वर्गाला वर्षभर पुरते.